काय हशील?

बाबांच्या नावची जमीन आईच्या आणि आम्हा भावंडांच्या नावावर लावायची म्हणून मागच्या दीड महिन्यात माझ्या तीन चकरा झाल्या आणि तिन्ही फुकट गेल्या, आणि तिन्ही वेळा चूक माझीच होती हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की आता हा कचेरीच्या नावाने बोटं मोडत बसणार. पहिल्या वेळी मृत्यूच्या दाखल्याचा झेरॉक्स घरी फ्रिजवर राहिला. दुसऱ्या वेळी ताईचं आधारवरचं सासरचं नाव आणि अर्जातलं माहेरचं नाव जुळेना. तिसऱ्या वेळी सगळी कागदं होती, फाईल होती, अगदी स्टेपलर पण होता, फक्त मी शनिवारी गेलो. पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून आहे हे मला माहितीये. तरी गेलो.

बंद गेटसमोर थोडा वेळ तसाच उभा होतो, बाजूच्या टपरीवर चहा घेतला, गेटवरची पाटी दहा वेळा वाचली आणि घरी आलो. आई खाली बसून मेथी निवडत होती. झालं का रे काम, तिने विचारलं. म्हटलं नाही गं, बंद होतं, शनिवार ना. तर मान वर न करता म्हणाली,

"मग एवढं पेट्रोल जाळून काय हशील?"

आता हा शब्द मी जन्मापासून ऐकतोय. रडून काय हशील, त्याच्या तोंडी लागून काय हशील, रात्रभर जागलास आणि पेपरात काही लिहिलं नाहीस तर काय हशील. आईच्या तोंडात तो कायम प्रश्नातच येतो, "मला हशील झालं" असं ती कधी म्हणत नाही. म्हणजे शब्दाचा एकच कोपरा आमच्या घरात वापरात आहे आणि तो पण नकार सांगायला. पण त्या दिवशी डोळ्यासमोर पाटी ताजी होती, दहा वेळा वाचलेली, तहसील कार्यालय, आणि त्याखाली बारीक अक्षरात महसूल विभाग वगैरे, आणि मेथीच्या त्या ढिगासमोर उभ्या उभ्या माझी ट्यूब पेटली. तहसील, महसूल, हशील. ह-स-ल, ह-स-ल, ह-स-ल.

तुम्ही म्हणाल यात काय एवढं. पण मी सात वर्षं मस्कतला अकाउंट्समध्ये होतो, आणि आमच्या ऑफिसात ज्या लोकांचं काम पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकांना फोन करून करून हैराण करायचं होतं त्यांच्या दारावर अरबीत पाटी होती, किस्म अत्-तहसील. तहसील विभाग. तिथली अक्षरं मी रोज वाचायचो (वाचता येत होती, समजत निम्मीच होती), आणि सात वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही की हा आपल्याकडचाच तहसील आहे. मी तेव्हा दुबळी समजूत करून घेतली होती की असेल काहीतरी योगायोग. योगायोग कसला, आपल्या कचेरीचं नावच तिकडून आलंय, अरबीतून फारशीत आणि फारशीतून बहामनी, निजामशाही, मोगल अशा एकेका दफ्तरातून मराठीत. आमच्या नाशिकचं नाव मोगलांच्या काळात गुलशनाबाद होतं. ते नाव पुसलं गेलं, तहसील राहिली.

थोडं व्याकरण सांगतो, कंटाळा येणार नाही याची हमी देत नाही.

अरबी शब्दाच्या पोटात बहुतेक वेळा तीन व्यंजनं असतात आणि मूळ अर्थ त्या तिघांत असतो. बाकीचे स्वर, पुढे लावलेला म किंवा त, मध्ये ओढलेला आ-ई-ऊ, हे सगळे साचे. आई दिवाळीला सोऱ्या घेऊन बसते तसं समजा. पीठ एकच मळलेलं, चकती बदलली की शेव, चकती बदलली की चकली, आणि अरबीचा सोऱ्या असा की चकत्या ठरलेल्या आहेत आणि पीठ कुठलंही घाला. एक चकती आहे मधे आ आणि इ वाली, तिच्यातून काम करणारा किंवा घडणारा बाहेर पडतो: हासिल. तीच चकती वारस, हाजिर, जाहीर, कायम, हाकिम या सगळ्यांची. पुढे म आणि मधे ऊ वाली चकती घेतली की ज्याच्यावर काम झालं ते: महसूल. हिच्यातले मजकूर, मंजूर, मशहूर, मालूम. आणि पुढे त आणि मधे ई वाली चकती, जिच्यातून काम करण्याची क्रिया निघते, जरा जोर लावून केलेली: तहसील. या चकतीतून मराठीत इतका माल पडलाय की बस. तालीम, तारीख, तजवीज, तसबीर, तपशील, आणि माझा लाडका तसदी, ज्याच्या मुळाचा अर्थ डोकेदुखी आहे. "आपल्याला तसदी दिली" म्हणजे शब्दशः तुमचं डोकं दुखवलं. इतका प्रामाणिक शब्द दुसरा नाही.

आता कोणी म्हणेल हासिल चा हशील कसा झाला. तर ती आपल्या जिभेची जुनी खोड आहे, स च्या पुढे इ किंवा ई आली की मराठी माणूस श म्हणतो. सिक्का चा शिक्का, सिपाही चा शिपाई, सिफारिश ची शिफारस. तफसील चा तपशील, तिथे तर फ चा प पण करून टाकला. आमचे आजोबा तहसीलला "तहशील" म्हणायचे आणि मी कॉलेजात असताना त्यांना सुधारायचो. सुधारायचो म्हणजे काय, ते नियमाने बोलत होते आणि मी पाटी वाचून बोलत होतो.

हशीलचा दुसरा कोपरा पण मला नंतर सापडला. जुन्या मराठी मासिकांच्या मलपृष्ठावर पुस्तकांच्या जाहिराती असायच्या, किंमत इतके आणे, आणि पुढे "ट. हं. निराळे". लहानपणी वाटायचं हे कोणाचं तरी नाव आहे, ट. हं. निराळे, असेल कोणी मॅनेजर. ते टपालहंशील. म्हणजे टपालाचा खर्च वेगळा पडेल. हशील म्हणजे सरकारला भरायची रक्कम, जकात, भाडं, असा रोकडा अर्थ होता तो, आणि "त्यातून हाती काय लागलं" हा अर्थ पण त्याच शब्दाचा. आईचा प्रश्न मुळात हिशोबाचा आहे.

मस्कतला आमचा मॅनेजर इजिप्तचा होता. त्याच्या तोंडी हाच धातू दिवसातून पन्नास वेळा. काही झालं की "एह इल्ली हसल?", काय झालं म्हणून. आणि एखाद्याने चहा सांडला, चुकीची एन्ट्री मारली, माफी मागायला आला, की हात हलवून "हसल खेर", म्हणजे जे झालं ते बरंच झालं, सोडून दे. आपल्याकडे "असू दे, असू दे" म्हणतात ना, तसं. मी एकदा एक शून्य जास्त लावलं होतं पेमेंटला, तेव्हा मात्र तो हसल खेर म्हणाला नाही.

तर घडणं, हाती येणं, गोळा करणं असे आजचे अर्थ. पण मला जुना अर्थ पाहिजे होता, वाळवंटातला, आणि तिथे मजा आहे. जुन्या अरबी कोशांमध्ये सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक लिसान अल-अरब, तेराव्या शतकाच्या शेवटी इब्न मंझूर नावाच्या माणसाने पुरा केलेला. हा मंझूर म्हणजे आपला मंजूर बरं का, तीच चकती. त्याच्या कोशात शब्द पहिल्या अक्षराने लावलेले नाहीत, धातूच्या शेवटच्या अक्षराने लावलेत, भेंड्या खेळणाऱ्यांच्या सोयीसाठी केल्यासारखे. त्यामुळे ह-स-ल शोधायला ल च्या प्रकरणात जावं लागतं आणि तिथे शेजारीपाजारी कोण तर फ-स-ल, व-स-ल, अ-स-ल. म्हणजे फैसला, फासला आणि तपशील एका घरात, वसूल दुसऱ्या घरात, अस्सल तिसऱ्या. सगळी आपल्या ओळखीची माणसं एकाच गल्लीत राहतात. मी स्वतः कोश सरळ वाचू शकत नाही, लेन नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात असे जुने कोश चाळून एक प्रचंड अरबी-इंग्रजी कोश केला, पहिला भाग १८६३ चा, तो मोबाईलवर मिळतो, त्याच्या आधाराने लिसानच्या ओळी लावत बसतो. बायको म्हणते याच्यापेक्षा गेम खेळ.

या कोशांत ह-स-लच्या खाली काय काय आहे पहा. खळ्यावर गहू-जव उफणून, भुसा-कचरा काढून झाल्यावर जे मागे राहतं ते. मग बाकीचं जाऊन जे शिल्लक उरतं ते, कुठल्याही गोष्टीतलं. मग, आणि जुन्या अरबी कोशात हे यावंच लागतं, एक घोड्याचा आजार: चरताना माती पोटात गेल्यामुळे घोड्याचं पोट दुखायला लागणं, त्याला पण हेच क्रियापद. आपल्याकडे माती खाल्ली म्हणतात त्याचा माझ्या तीन चकरांशी चांगला संबंध लागतो.

आणि मग पक्षी. हौसला. हा शब्द आपण हिंदीतून घेतला, हौसला ठेव, हौसला वाढला वगैरे. अरबीत हवसला म्हणजे पक्ष्याच्या गळ्याखाली असते ती पिशवी, टिपलेले दाणे आधी तिथे साठतात आणि मग सावकाश पोटात जातात. गोदाघाटावर कबुतरांना ज्वारी टाकतात तिथे जाऊन बघा, दाणे संपत आले की त्यांचे गळे कसे टम्म फुगलेले असतात. ती हवसला. कोशकार तिला याच धातूखाली मांडतात, कारण दाणे तिथे जमा होतात. फारशीवाल्यांनी त्यावरून पोटात मावेल तेवढं, मग सहन करायची ताकद, मग धीर असं केलं. म्हणजे हौसला बुलंद म्हणजे पिशवी मोठी. हे मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर एकाने लगेच लिहिलं की मग हौस पण त्यातलाच. नाही हो. हौस वेगळा, त्यातला ह साधा आपल्यासारखा आणि स पण साधा. हौसल्यातला ह घशाच्या खालून येतो, काच पुसताना आपण तोंडाने वाफ सोडतो तसा, आणि स जाड आहे. देवनागरीत दोघं सारखे दिसतात म्हणून नातं लागत नाही. त्याला हे पटलं नाही. राहू दे, हसल खेर.

सगळ्यात शेवटी सोनं. तहसील ह्या शब्दाचा जुना अर्थ कोशात दिलाय तो असा की खाणीतल्या दगडमातीतून सोनं वेगळं काढणं. आणि एका जुन्या अरबी कवितेच्या ओळीत, जी व्याकरणवाले उदाहरण म्हणून सारखी देतात, मुहस्सिला नावाची एक बाई येते. मुहस्सिला म्हणजे खाणीतली माती धुऊन सोनं काढणारी. कर वसूल करणं, ज्ञान मिळवणं, पीक येणं हे सगळे अर्थ याच्यातलेच, टरफल काढून गर, माती काढून सोनं. कुराणात पण शंभराव्या सूरेत हे क्रियापद येतं, धावत्या घोड्यांच्या नावाची सूरा आहे ती, तिथे शेवटच्या दिवशी माणसांच्या छातीत जे आहे ते बाहेर काढलं जाईल असं म्हटलंय आणि "बाहेर काढलं जाईल" साठी शब्द हुस्सिला. कलेक्टर कचेरीच्या शब्दाला मी त्या ठिकाणी भेटेन असं वाटलं नव्हतं.

हे वाचलं त्याच आठवड्यात आईच्या पाटलीचा टाका निघाला म्हणून सराफ बाजारात गेलो होतो. (सराफ पण अरबी, स-र-फ, फिरवणं, वळवणं. नाणी बदलून देणारा तो सर्राफ. आणि अरबी व्याकरणात एका धातूपासून असे शब्द वळवण्याच्या शास्त्राला म्हणतात सर्फ. म्हणजे मी वर चार परिच्छेद जे केलं ते सराफीच.) संध्याकाळची वेळ, सोनार म्हणाला अर्धा तास लागेल, तर मी बाहेर पायरीवर टेकलो. समोरच्या बोळात एक म्हातारबाबा उकिडवे बसून गटारीच्या कडेचा गाळ पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होते. बाजूला एक घमेलं, एक झिजलेला ब्रश, जुना डालड्याचा डबा पाण्याचा. फरशांच्या फटीतून ब्रशने माती ओढायची, घमेल्यात घ्यायची, वरून पाणी, आणि घमेलं असं गोल गोल हलवायचं की वरचं गढूळ पाणी काठावरून सांडत जातं आणि जड ते तळाशी बसतं. परत पाणी, परत गोल. दर वेळी माती कमी, पाणी स्वच्छ. सात-आठ वेळा झाल्यावर तळाशी मूठभर काळी वाळू उरली, ती त्यांनी डब्याच्या झाकणात घेतली आणि बोटाने पसरून उजेडाकडे तिरकी धरली.

झारेकरी. लहानपणी बाबांबरोबर आलो होतो तेव्हा पण होते, तेव्हा बाबांनी सांगितलं होतं की हे कचऱ्यातून सोनं काढतात आणि मला ते जादू वाटलं होतं.

मी विचारलं, निघतं का बाबा काही?

"निघतं कधी," ते म्हणाले. "आतला केर सोनार विकतात साहेब, त्याला भाव असतो. हा बाहेरचा कोणाचा नाही. ज्याने धुतला त्याचा."

दाखवलं पण. मला तर काही दिसेना, मग त्यांनी झाकण जरा हलवलं तेव्हा मोहरीच्या दहाव्या हिश्श्याएवढं काहीतरी पिवळं लुकलुकलं. एकच. ते बघून ते खूश पण झाले नाहीत आणि नाराज पण नाही, झाकण डब्यावर लावलं आणि पुढच्या फरशीकडे सरकले.

मला एकदम हसू आलं, म्हणजे त्यांच्यावर नाही. मुहस्सिला. गटारीच्या काठावर हा माणूस जे करत होता तेच तहसील, अगदी कोशातलं, पहिल्या नंबरचा अर्थ. तहसीलला फारशी दार जोडला की तहसीलदार, म्हणजे खरं तर झारेकरी. उगाच नाही तिथे गेलं की आपली फाईल सात-आठ वेळा धुतली जाते. (परत सांगतो, चूक माझी होती.)

आता जरा वसूल बद्दल, कारण बरेच जण वसूल आणि महसूल एकच समजतात, आणि यमक इतकं छान जुळतं की वाटणारच. वसूल व-स-लचा, त्याचा अर्थ पोचणं, जोडलं जाणं. मस्कतच्या विमानतळावर उतरलो की आगमनाच्या दारावर अरबीत मोठ्ठं लिहिलेलं असतं, वुसूल. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याबरोबर सिन्नरचा एक जण होता, त्याला मी हे वाचून दाखवलं तर म्हणाला, काय भो, उतरल्या उतरल्या वसुली? पण बरोबर आहे, प्रवासी पोचला तर वुसूल, पैसे पोचले तर वसूल. आपली वासलात पण याच घरची, मुळात पोचलेल्या, जमा झालेल्या रकमांचा हिशोब. हिशोब मिटवणं म्हणजे वासलात लावणं, आणि मग आपण कशाचीही वासलात लावायला लागलो, पोळ्यांची, श्रीखंडाची, माणसाची. महसूल मात्र ह-स-लचा आणि अरबीत त्याचा साधा अर्थ पीक, उत्पन्न. एखाद्या अरबाला आपल्या महसूल मंत्र्यांचं खातं सांगितलं तर त्याला वाटेल पिकांचा मंत्री. आणि तसं बघितलं तर सरकारचं महसुली वर्ष अजून १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं, एप्रिल-मार्चवाल्या हिशोबात बसतच नाही, ते पिकाच्या मागेच चालतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलंय. नाव बदललं पण अरबी काही सुटला नाही.

सुटणार कसा, जमिनीच्या कागदावर दुसरं आहे काय. जिल्हा म्हणजे अरबीत बरगडी. तालुका म्हणजे जे कशाला तरी टांगलेलं, जोडलेलं आहे ते. आपला जिल्हा म्हणजे एक बरगडी आणि तिला टांगलेले पंधरा तालुके, इगतपुरीपासून येवल्यापर्यंत, असं चित्र डोळ्यासमोर आलं की खाटकाचं दुकान आठवतं, माफ करा. नायब तहसीलदारातला नायब म्हणजे बदली काम बघणारा, आणि त्याच्याच अनेकवचनातून नवाब झाला. खरीप म्हणजे मूळ अरबीत शरद, पानगळीचा ऋतू. पण ओमानच्या दक्षिणेला सलालाला जून ते सप्टेंबर आपल्यासारखाच मोसमी पाऊस पडतो, डोंगर हिरवे होतात, आणि तिथले लोक त्या ऋतूला खरीफ म्हणतात. अख्खं आखात तो पाऊस बघायला तिकडे लोटतं. मी पण गेलो होतो एकदा. भुरभुर पाऊस, धुकं, आणि सगळे अरब छत्री न घेता खूश होऊन भिजतायत, आणि मी एकटा उभा राहून बघतोय की हे तर त्र्यंबक आहे.

तुर्कीत तहसील म्हणजे शिक्षण पण आणि पैसे गोळा करणं पण. इराणात मुहस्सिल एके काळी कर गोळा करणारा होता, आता शाळेत शिकणारा पोरगा. इंडोनेशियात हासिल म्हणजे निकाल आणि ब ने सुरू होणारं काहीतरी उपसर्ग लावलं की यशस्वी होणं. अरबीत पैसे साठवायच्या मातीच्या गल्ल्याला हस्साला म्हणतात, हे मला फार आवडलं. हिंदी शाळांमध्ये बेरजेत जो हातचा येतो तो हासिल, हमारे पास आया एक हासिल. माझी मुलगी तिसरीत आहे, तिची उत्तर प्रदेशची मैत्रीण घरी अभ्यासाला येते, ती हासिल म्हणते आणि ही हातचा, आणि दोघींचं उत्तर चुकतं.

एक शेवटचा. अरबीत वाक्प्रचार आहे, तहसील हासिल. म्हणजे मिळालेलंच परत मिळवणं, जे झालंच आहे ते करायला परत खटपट करणं. आपल्याकडे पंडित लोक याला पिष्टपेषण म्हणतात, दळलेलं पीठ परत दळणं. चौथ्या चकरेत मला हे समोरासमोर भेटलं. वार सोमवार, सगळी कागदं, ताईचं प्रतिज्ञापत्र, दोन दोन झेरॉक्स. टोकन घेतलं, नंबर आला, टेबलावरच्या बाईंनी फाईल उघडली, चष्मा कपाळावर सरकवला, काँप्युटरवर काहीतरी बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, तुमच्या बहिणीने ऑनलाईन अर्ज केलेला दिसतोय, वारस नोंद मंजूर झालीय की, मागच्या आठवड्यातच. ताईने मला सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं, ग्रुपवर टाकलं होतं. बघितलं तर खरंच टाकलं होतं, पण ते मी हौसला आणि हौसवर वाद घालत होतो त्याच दिवशी, वर कुठेतरी गेलं होतं.

उतारा घेऊन घरी आलो. आईने चष्मा लावून स्वतःचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं, खालची आमची नावं वाचली आणि बाबांच्या नावाला कंस झालाय तिथे थोडा वेळ थांबली. मग कागदाची घडी घातली. वातावरण जरा जड झालं म्हणून मी तिला सांगायला लागलो की आई, तुला माहितीये का, तहसीलदार म्हणजे मुळात झारेकरी, आणि तू हशील म्हणतेस ना तो पण त्यातलाच. पाच मिनिटं सांगितलं, घोड्यासकट. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "आणि माझी पाटली आणलीस का?"

पाटली सोनाराकडेच राहिली होती.